रिपोर्ट नॉर्मल, मग दुखतं का? वेदनेच्या दोरीची गोष्ट

गेल्या महिन्यात एकाच सकाळी माझ्याकडे दोन पेशंट आले.

पहिल्या होत्या साठीच्या एक काकू. कंबर तीन वर्षांपासून दुखते. हातात प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत एक्स-रे, एमआरआय, रक्ताच्या तपासण्या, सगळं तारीखवार लावलेलं. मी सगळं पाहिलं. त्यांच्या वयाला मणक्यात जेवढी झीज असते तेवढीच होती. सोबत आलेला मुलगा म्हणाला, "डॉक्टर, रिपोर्टमध्ये काहीच नाहीये. आईला टेन्शन घ्यायची सवय आहे." काकू गप्प. मुलाचा फोन वाजला, तो बाहेर गेला, तेव्हा हळूच म्हणाल्या, "डॉक्टर, मी खोटं बोलते का हो?"

दुसरे होते एसटीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. पंधरा वर्षांचा मधुमेह. आले होते खोकल्यासाठी. मधुमेहाच्या पेशंटचे पाय पाहायचेच, हा माझा नियम. त्यांना चप्पल काढायला सांगितली, तर चपलेच्या तळातून वर आलेला छोटा खिळा आणि टाचेला सुकलेलं रक्त. तेच उलट मला विचारू लागले, "अरेच्चा, हे कधी झालं?"

म्हणजे एकीकडे दाखवण्यासारखी जखम नाही, पण वेदना आहे. दुसरीकडे जखम आहे, पण वेदना नाही. तुम्ही-आम्ही सगळे मात्र मनात धरून चालतो, की जेवढी इजा तेवढं दुखणं. जास्त दुखत असेल तर आत काहीतरी मोठं बिघडलेलं असणार, आणि काही बिघडलेलं सापडलं नाही तर माणूस नाटक करत असणार. ही समजूत फार जुनी आहे. ती चुकीची आहे हे कळायला वैद्यकशास्त्राला तीनशे वर्षं लागली. तोवर बऱ्याच पेशंटना डॉक्टरांनी खोटं ठरवलं. मीही ठरवलं आहे, ते पुढे सांगतो.

शाळेत आलेखाचे एक्स-अक्ष आणि वाय-अक्ष शिकलात ना? ती पद्धत ज्यांच्या नावाने ओळखली जाते ते फ्रेंच तत्त्वज्ञ रेने देकार्त हेच या समजुतीचे जनक. त्यांनी माणसाच्या शरीरावर एक पुस्तक लिहिलं, पण ते त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही. देकार्त १६५० साली वारले, आणि पुस्तकाचं लॅटिन भाषांतर १६६२ मध्ये व मूळ फ्रेंच १६६४ मध्ये निघालं. त्यातलं एक चित्र आजही डॉक्टरांच्या व्याख्यानांत दाखवतात. एक मुलगा शेकोटीजवळ आहे. त्याचा पाय आगीला लागलाय. पायापासून एक बारीक दोरा पाठीतून थेट डोक्यापर्यंत गेलाय. देकार्त म्हणतात, आगीचे वेगवान कण कातडीला ढकलतात, तो दोरा ओढला जातो आणि मेंदूतलं एक छिद्र उघडतं. देवळातल्या उंच टांगलेल्या घंटेची दोरी खालून ओढली की वर टोल पडतो, तसं. दोरी जोरात ओढली तर टोल मोठा.

आज हसू येईल, पण त्या काळी ही मोठी उडी होती. त्याआधी ॲरिस्टॉटलने वेदनेला पाच इंद्रियांत जागाच दिली नव्हती, तो तिला मनाची अवस्था मानायचा. धर्मगुरूंच्या लेखी ती पापाची शिक्षा किंवा परीक्षा होती. देकार्तनी तिला शरीराच्या यंत्रात आणून बसवलं. यंत्र म्हटलं की ते उघडून बघता येतं, दुरुस्त करता येतं.

गंमत अशी, की ही दोरी कुठे अडते हे खुद्द देकार्तना माहीत होतं. त्यांनीच एका मुलीची हकीकत लिहून ठेवली आहे. तिचा हात सडला होता. तिने घाबरू नये म्हणून डोळ्यांवर पट्टी बांधून तो कोपरापर्यंत कापला, आणि हाताच्या जागी कापडाच्या गुंडाळ्या बांधल्या. हात गेल्याचं तिला कित्येक दिवस कळलंच नाही. ती बोटं दुखतात म्हणून सांगत राहिली. कधी या बोटात, कधी त्या. देकार्तचं उत्तर असं: दोरी खालच्या टोकाला ओढा नाहीतर मध्येच ओढा, घंटा तीच वाजणार. उत्तर हुशारीचं होतं. त्यामुळे पुढची दोनशे वर्षं दोरीवर फारसं कुणी बोट ठेवलं नाही.

बोट ठेवायची वेळ आणली युद्धाने. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६०च्या दशकात, फिलाडेल्फियातल्या एका लष्करी रुग्णालयात सायलस वियर मिचेल हे डॉक्टर नसांना गोळी लागलेल्या सैनिकांवर उपचार करत होते. त्यांनी दोन प्रकारचे पेशंट पाहिले. एक, ज्यांचा पाय कापलाय आणि तरी त्या नसलेल्या पायात गोळे येतात. या प्रकाराला त्यांनी १८७१ मध्ये 'भुताचा अवयव' अशा अर्थाचं नाव दिलं, तेच आजवर टिकलं. सहकारी हसतील अशी धास्ती त्यांनाही असावी, कारण हा विषय त्यांनी आधी १८६६ मध्ये एका मासिकात निनावी कथा म्हणून छापला होता. कथेतला सैनिक खरा आहे असं समजून लोकांनी त्याच्यासाठी मदत गोळा केली म्हणतात!

दुसरा प्रकार मला जास्त जवळचा आहे. या सैनिकांची जखम भरलेली असायची, पण हाताची नुसती आग आग. कातडी लाल, चकाकणारी. वाऱ्याची झुळूकही सोसायची नाही. हातावर सतत ओलं फडकं ठेवायचे. शेजारून कुणी पाय आपटत गेलं तरी कळ उठायची.

माझी प्रॅक्टिस नवी होती तेव्हा अशीच एक बाई माझ्याकडे यायची. मनगटाचं हाड मोडलं होतं, प्लास्टर निघालं होतं, एक्स-रेमध्ये हाड छान जुळलेलं. पण हाताला ओला रुमाल गुंडाळून यायची. मला हात लावू द्यायची नाही. दोन-तीन वेळा बघितल्यावर मी तिला म्हणालो, "बाई, हाड जुळलंय, आता दुखायचं काही कारण नाही. मन दुसरीकडे वळवा." ती परत आली नाही. पुढे कधीतरी मिचेल यांचं वर्णन वाचनात आलं आणि ओल्या फडक्यापाशी मी थांबलो. तिचा आजार त्याच कुळातला होता. त्याला आज नाव आहे, उपचार आहेत, आणि ते जितके लवकर सुरू होतील तितका हात वाचतो. तिने मला लक्षण आणून दाखवलं होतं. माझ्या डोक्यात दोरी होती, आणि दोरीच्या टोकाला जखम नव्हती.

मधल्या काळात दोरीवाल्यांनीही खूप काम केलं, हे मान्य करायला हवं. १८९०च्या दशकात जर्मनीत माक्स फॉन फ्राय यांनी वेगवेगळ्या जाडीचे केस काडीला चिकटवून कातडीवर टोचून पाहिले आणि स्पर्श कुठे कळतो, वेदना कुठे कळते याचे नकाशे काढले. मधुमेहाच्या तपासणीत मी तुमच्या तळपायाला नायलॉनचा जो धागा टेकवतो आणि "कळलं का?" विचारतो, तो याच केसांचा वंशज. मिरचीच्या ठेच्याने जिभेची आग होते तेव्हा खरंच आग लागल्यासारखं का वाटतं, हेही याच वाटेने कळलं. साधारण ४३ अंश सेल्सिअसच्या वर जे प्रथिन चेतातंतूच्या टोकाशी दार उघडतं, तेच मिरचीतल्या कॅप्सेसिननेही उघडतं. हे प्रथिन डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने १९९७ मध्ये शोधलं, आणि २०२१ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

पण खरा शहाणपणाचा शब्द १९०६ मध्ये इंग्लंडच्या चार्ल्स शेरिंग्टन यांनी दिला. शरीराला इजा होतेय ही वर्दी चेतातंतूंनी पोचवणं, याला त्यांनी वेगळं नाव दिलं. वेदना वेगळी, वर्दी वेगळी. चौकीवर वर्दी गेली म्हणजे गुन्हा नोंदला गेलाच असं नसतं, हे आपल्याकडे कुणाला सांगायला नको. वर्दी मज्जारज्जूपर्यंत जाते, तिथून मेंदूकडे. तिचं काय करायचं हे तिथे ठरतं.

त्या काळी हे फारसं कुणी मनावर घेतलं नाही. दोरीच खरी असेल तर ती कापून टाकावी, हा सरळ विचार होता. त्याच फिलाडेल्फियात मज्जारज्जूमधला वेदना वाहणारा पट्टा कापायची शस्त्रक्रिया झाली, आणि १९१२ मध्ये ती छापून आली. वेदना थांबायची, पण जे पेशंट पुढे बरेच महिने जगले त्यांच्यातल्या अनेकांची ती परत आली. म्हणजे दोरी कापलेली, पण घंटा वाजतेच आहे.

दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर हे अमेरिकन भूलतज्ज्ञ होते. हाडं चिरडलेली, पोटात-छातीत तुकडे घुसलेले सैनिक त्यांच्यापुढे यायचे. शुद्धीवर असलेल्या २१५ जखमींची माहिती त्यांनी १९४६ मध्ये छापली. वेदनेसाठी काही हवंय का, असं प्रत्येकाला विचारलं होतं. दर चौघांतले जवळपास तिघे नको म्हणाले. काहींना मॉर्फीन मिळालंच नव्हतं, काहींना मिळून तास उलटले होते. त्यांच्या नसा बधिर झाल्या होत्या म्हणावं, तर हेच लोक सुई नीट टोचली नाही की ओरडायचे. नंतर बीचरनी साध्या नागरी रुग्णालयातल्या शस्त्रक्रिया झालेल्या पेशंटशी तुलना केली, तर जखम लहान असूनही तिथे बहुतेकांनी औषध मागितलं. बीचर यांचा तर्क असा, की सैनिकाच्या दृष्टीने जखम म्हणजे सुटका: आता घरी जायचं, जीव वाचला. नागरिकाच्या दृष्टीने शस्त्रक्रिया म्हणजे संकट. जखम तीच, पण तिचा अर्थ वेगळा.

याच सुमारास, १९४६ मध्ये, पॉल ब्रँड हे शल्यचिकित्सक वेल्लोरला आले. जन्म तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरांतला, आईवडील मिशनरी. बाबा आमट्यांच्या आनंदवनामुळे कुष्ठरोग आपल्याला अनोळखी नाही. तेव्हा डॉक्टरांसकट सगळ्यांची समजूत होती, की या रोगात बोटं आपोआप झडतात. ब्रँडनी बारकाईने पाहिलं. रोग नसा मारतो, वेदना जाते, मग माणूस तापलेलं भांडं हाताने उचलतो, गंजलेल्या कुलपात किल्ली बोट फाटेपर्यंत फिरवतो. काहींची बोटं तर रात्रीत कमी व्हायची. पाळत ठेवली तेव्हा दिसलं, की झोपेत उंदीर कुरतडतात आणि माणसाला जाग येत नाही. मग पेशंटना घरी जाताना मांजर द्यायला सुरुवात झाली.

पुढे अमेरिकेत ब्रँडनी कृत्रिम वेदना बनवायचा घाट घातला. हातमोज्यात संवेदक, दाब वाढला की कानात आवाज. लोक आवाजाकडे दुर्लक्ष करायचे. मग आवाजाऐवजी विजेचा झटका ठेवला. लोक ज्या कामात झटका बसतो ते काम करण्याआधी यंत्रच बंद करायचे. शेवटी तो नाद सोडावा लागला. नुसती वर्दी पुरत नाही. दुखायला लागतं, आणि ते आपल्याला बंद करता येऊ नये लागतं. खिळेवाल्या पेशंटना मी हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मला मांजर पाळायला सांगता की काय?" मी म्हटलं, मांजर नको, पण चप्पल घालण्याआधी हात फिरवून बघा आणि रोज रात्री आरशात तळवे.

आता दोरीच्या जागी काय, हे सांगायला हवं. कॅनडाचे मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक आणि इंग्लंडचे पॅट्रिक वॉल यांनी १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक कल्पना मांडली. मज्जारज्जूच्या मागच्या भागात, जिथे वर्दी आत शिरते, तिथे एक फाटक आहे. वेदनेची वर्दी बारीक तंतूंमधून येते. त्यातले सर्वांत बारीक तंतू सेकंदाला साधारण एकच मीटर वेगाने चालतात. पायाचं बोट पलंगाच्या खुराला आपटतं तेव्हा आधी चटकन कळ येते आणि क्षणभराने तो खोल ठणका सुरू होतो, त्याचं कारण हेच. ठणका हळू चालणाऱ्या तंतूंवर बसून येतो. स्पर्शाची खबर मात्र जाड, वेगवान तंतूंतून येते, आणि ती फाटक ओढून घ्यायला मदत करते. म्हणून लागलं की आपण ती जागा चोळतो. पोर पडलं की आजी गुडघा चोळते, फुंकर घालते, आणि वर जमिनीला "हात रे!" म्हणून चापट मारते. यातलं तिसरं काम मेंदूवर होतं, कारण या फाटकावर वरूनही हुकूम येतात. लक्ष, भीती, धीर, आठवण, सगळं त्या हुकमात असतं. बीचर यांचे सैनिक इथे बसतात.

फाटकाचे काही तपशील पुढे चुकीचे ठरले, पण मुख्य मुद्दा टिकला. फिजिओथेरपीत तुम्हाला 'करंट लावतात' ना, ते यंत्र याच कल्पनेतून आलं. वॉल यांनी सहकाऱ्याबरोबर १९६७ मध्ये त्याचे पहिले निष्कर्ष छापले, आणि आधी प्रयोग स्वतःवर करून पाहिला होता.

वरून येणारे हुकूम म्हणजे काही हवेतली गोष्ट नाही. १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनला जॉन ह्यूज आणि हान्स कोस्टरलिट्झ यांनी डुकराच्या मेंदूतून मॉर्फीनसारखं काम करणारी रसायनं वेगळी काढली. ती आपल्याही मेंदूत बनतात. तीन वर्षांनी सॅन फ्रान्सिस्कोत अक्कलदाढ काढलेल्या पेशंटवर एक प्रयोग झाला. औषध म्हणून नुसतं पाण्यासारखं इंजेक्शन दिलं, तरी काहींचं दुखणं कमी झालं. मग मॉर्फीनचा परिणाम रोखणारं औषध दिल्यावर त्यांचं दुखणं पुन्हा वाढलं. थोडक्यात, 'मनाचा खेळ' म्हणून आपण ज्याची टर उडवतो त्याला रसायन आहे.

आणि जसं वरून फाटक बंद होतं तसं ते उघडंही अडकू शकतं. १९८३ मध्ये क्लिफर्ड वुल्फ यांनी दाखवलं, की इजेची वर्दी सतत येत राहिली तर मज्जारज्जूतल्या पेशीच हळव्या होतात. रेडिओचं आवाजाचं बटण वरच अडकावं तसं. मग साधा स्पर्श, साधं वाकणंही दुखतं, मूळ जखम भरल्यावरसुद्धा. हा बदल एमआरआयवर दिसत नाही. एमआरआय मणका दाखवतो, बटण दाखवत नाही.

दोरीच्या समजुतीची किंमत सर्वांत जास्त मोजली ती तान्ह्या बाळांनी. त्यांची घंटाच अजून बांधून झालेली नाही, अशी समजूत होती. १९८०च्या दशकापर्यंत अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अनेक ठिकाणी जेमतेम भूल देऊन शस्त्रक्रिया होत. इंदूरला शिकलेले डॉ. कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये अशा बाळांचा अभ्यास केला. नीट वेदनाशामक दिलेल्या बाळांना त्रास आणि गुंतागुंत दोन्ही कमी होते. हे १९८७ मध्ये छापून आलं. त्या साली तुमच्यापैकी कित्येकांची लग्नं झाली असतील, इतकं ते अलीकडचं आहे.

आता काकूंकडे. वेदनेची जी आंतरराष्ट्रीय व्याख्या २०२० मध्ये सुधारली, तिच्या टिपांमध्ये स्पष्ट आहे, की माणूस आपल्या वेदनेबद्दल जे सांगतो त्याचा मान राखावा. पण मान राखायचा म्हणजे तपासायचं नाही असं नव्हे. वजन उतरणं, ताप, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पायातली ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, यातलं काहीही असेल तर 'हळवं झालंय' म्हणून सोडून देऊ नका. काकूंना यातलं काही नव्हतं.

मग मी मेल्झॅक यांचीच दुसरी युक्ती वापरली. मधुमेहामुळे पाय कापावा लागलेल्या एका वृद्ध बाईंकडून तिच्या नसलेल्या पायाच्या वेदनेचे शब्द ऐकता ऐकता त्यांनी ते जमवायला घेतले. १९७५ मध्ये त्यांची ७८ शब्दांची प्रश्नावली निघाली. इंग्रजीला ते शब्द जमवावे लागले. आपल्याकडे काकू दाराशी चप्पल काढतानाच सुरू करतात: ठणका, कळ, चमक, सल, उसण, ठुसठुस, भगभग, चुणचुण, ओढ. प्रत्येक शब्दाचा तंतू वेगळा असू शकतो. भगभग आणि चुणचुण म्हणालं की मी नसेचा विचार करतो, ठणका म्हणालं की सुजेचा. म्हणून 'खूप दुखतं' एवढंच सांगू नका, कसं दुखतं ते घरच्या शब्दांत सांगा.

मुलाला आत बोलावलं आणि दोघांसमोर म्हणालो, "आई खोटं बोलत नाहीत. मणका ठीक आहे, बटण वर अडकलंय." औषध दिलं, नेहमीची वेदनाशामक गोळी बंद केली, कारण तिने पोट बिघडण्यापलीकडे काही होत नव्हतं. झोपेचं वेळापत्रक घातलं. रोज दहा मिनिटं चालायचं, दुखलं तरी, आणि दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवायची. चालताना होणाऱ्या दुखण्याने मणक्याला इजा होत नाही, हे त्यांना दोनदा सांगावं लागलं, मुलाला तीनदा.

परवा त्या तिसऱ्यांदा आल्या. पिशवी आणली नव्हती. "ठणका नाही आता," म्हणाल्या, "वाकलं की नुसती ओढ लागते." मी केस पेपरवर त्यांचाच शब्द लिहिला, आणि पुढच्या दोन आठवड्यांसाठी चालण्याची मिनिटं वाढवून दिली.